चिंचेनं घासलेला संगमरवरी वाडगा

मित्रांनो, माझं वय सांगितलं तर तुम्ही हसाल. पाच हजार वर्षांचा संगमरवरी वाडगा आहे मी. ग्रीस देशाच्या निळ्या समुद्रात बेटांचा एक घोळका आहे, त्यातल्या एका बेटावर माझा जन्म झाला. लोखंड तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. एका कारागिराने मला दगडाने ठोकून आकार दिला आणि वाळू-पाणी घेऊन महिनोन् महिने घासलं. माझा काठ इतका पातळ झाला, की उन्हात धरला की उजेड आरपार झिरपायचा. शेवटी त्याने माझ्या पोटात बोटाने लाल रंग लावला. त्या बोटाचा ठसा तिथेच राहिला.

पुढे एका मेलेल्या माणसाच्या उशाशी मला पुरलं. मग काय, झोपच झोप! झोपेत समुद्राची गाज ऐकू यायची. अंगावर चुन्याचं कवच चढलं, धरायचा एक कान नांगराने उडवला, पण तो लाल ठसा टिकला. त्या कारागिराचं तेवढंच माझ्याजवळ उरलं होतं.

शंभरेक वर्षांपूर्वी त्या नांगरवाल्या शेतकऱ्याने मला वर काढलं आणि एका फिरस्त्या पाद्रीबाबांनी विकत घेतलं, बोटीतून आणि मग बैलगाडीतून इकडे काष्टी गावाजवळच्या एका वाडीत आणलं. इथली ख्रिस्ती मंडळी चर्चला देऊळच म्हणतात. त्या देवळात लेकरांचा बाप्तिस्मा माझ्यातल्या पाण्याने होऊ लागला. फार मान होता मला. नंतर कुणीतरी स्टीलचं पातेलं भेट दिलं आणि मी कपाटावर गेलो. तिथे पालींच्या संगतीत पुन्हा डोळा लागला.

परवा शनिवारी देवळाची झाडलोट करणाऱ्या मरियाबाईंनी मला खाली काढलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीचा बाप्तिस्मा होता.

"आपल्या घरातल्या समद्यांचा बाप्तिस्मा ह्याच वाडग्यातल्या पाण्यानं झालाय. पोरीचाबी ह्याच्यातच करायचा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"मग घास की जरा. लई कळकट झालाय," याकोबबाबा म्हणाले.

मरियाबाईंनी जे पितळेच्या भांड्यांना करतात तेच केलं. चिंच भिजवली, मीठ घातलं आणि काथ्याने घासायला बसल्या. चिंचेने पितळ उजळतं, मित्रांनो, पण संगमरवराला ती खाते. माझ्या अंगावर बारीक बुडबुडे उठले. अर्धवट झोपेत मला वाटलं, समुद्राचा फेसच आला. मी सुखावलो. वेडाच मी! मग मरियाबाईंच्या तळहातावर लाल पाणी दिसलं.

तेवढ्यात त्यांची सून हेलन आली. ती शाळेत विज्ञान शिकवते.

"आई, थांबा. संगमरवराला आंबट चालत नाही," म्हणत तिने मला साध्या पाण्याने धुतलं. आत बघून ती हळूच म्हणाली, "हे कुणाचं तरी बोट होतं, आई."

ठसा अर्धा गेला होता.

"काय करून बसलीस गं," याकोबबाबा करवादले. "आता ते पातेलंच घ्या. आन् परत त्याला हात लावू नगंस."

मरियाबाई पदराला हात पुसत राहिल्या. "मला वाटलं, डाग हायती. माझ्या हातानंच वाटोळं झालं. न्हाई लावत हात."

खरं सांगतो, मला फार दुःख झालं. मातीने इतक्या वर्षांत जे नेलं नाही, ते एका दुपारी गेलं. पण त्या खरखरीत हातांचा रागही येईना. किती वर्षांनी कुणीतरी मला मांडीवर घेतलं होतं!

रविवारी बाप्तिस्मा द्यायला पाळकसाहेब उभे राहिले. पातेलं भरून तयार होतं. हेलन लेकराला घेऊन जागची हलेना.

"वाडगा आणा," ती म्हणाली. "आणि तो आईच धरतील. त्यांच्या हातात नसेल, तर मी पोरीला पुढं आणणार नाही."

 याकोबबाबा स्वतःच उठले आणि मला मरियाबाईंच्या हातात ठेवलं. पाळकसाहेबांनी पातेल्यातलं पाणी माझ्यात ओतलं, आणि हेलनने पोरीला पुढं आणलं. लेकरू त्या पाण्याकडे टक लावून बघत होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला उजळायला जाण्याआधी जाणत्याला विचारा. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसली तरी आम्हाला पुष्कळ होतं. आणि मायेच्या हातून चूक झाली, तर त्या हातांतून वस्तू काढून घेऊ नका.