गोविंदरावांच्या नावावरचं लॉक

मी कोणाचंही लॉक फोन केल्याशिवाय तोडत नाही. ऑफिसात माझी जी काही बदनामी आहे ती ह्या एका नियमामुळे, आणि तिचा मला कधी त्रास झाला नाही.

समजावून सांगते. जयेंद्रगंजात एका चष्म्याच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. आम्ही शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. हजेरी, वेळापत्रक, निकालपत्रिका, असलं सगळं. ह्या प्रोग्रॅमच्या फाइली एका सर्व्हरवर असतात. कोणी कोणती फाइल कधी बदलली, बदलायच्या आधी ती कशी होती, हे सगळं तिथे जपलेलं असतं आणि त्याचा कारभार माझ्याकडे आहे. एखाद्याला फाइल बदलायची असली की तो ती स्वतःच्या नावावर लॉक करतो. काम संपवून तो ती परत जमा करेपर्यंत दुसऱ्या कोणाला तिला हात लावता येत नाही. आता माणसं ती माणसंच. फाइल लॉक करतात आणि भाचीच्या लग्नाला झाशीला निघून जातात. मागे दुसरा कोणी हातावर हात धरून बसतो, आणि शेवटी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणतो, "मॅडम, लॉक तोड़ दो ना."

मनात आणलं तर ते एका आज्ञेत तुटतं. पण मी आधी फोन लावते. तुझं काही अर्धवट राहिलंय का, सोडू का, असं विचारते. मागे बँड वाजत असला तरी तो ओरडून हो म्हणतो, मग मी सोडते. नवी मुलं ह्याला टाइमपास म्हणतात. म्हणोत बापडी. दुसऱ्याचं अर्धं काम न विचारता उचलायचं नाही, एवढं तर घरात मुलांनाही शिकवतात.

निकालपत्रिका छापणारी फाइल गोविंदरावांची. पहिल्या ओळीपासून त्यांनीच लिहिलेली. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो, बाकी सगळा व्यवहार हिंदीत. ते रिटायर झाले त्या दिवशी हार झाला, तिळाची गजक वाटली, मालकांचं भाषण झालं, आणि संध्याकाळी त्यांचा लॅपटॉप माझ्याकडे जमा झाला. तपासला तर ती एक फाइल त्यांच्या नावावर लॉक होती. त्यांच्याकडची आणि सर्व्हरवरची, दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिल्या. एका स्वल्पविरामाचाही फरक नव्हता. त्यांना काहीच बदलायचं नव्हतं. नुसतीच लॉक करून गेले होते.

नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं लॉक काढायचं आणि खातं बंद करायचं, हा नियमही मीच लिहिलेला. मी तो बाजूला ठेवला. का, ते तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

थोड्याच दिवसांत कंपू भागातल्या एका शाळेला निकालपत्रिकेवरचा शिक्का डावीकडे हवा झाला. मी गोविंदरावांना फोन लावला.

"कोणती शाळा?" त्यांनी विचारलं. हॅलो नाही, काही नाही.

"कंपूची. शिक्का डावीकडे पाहिजे म्हणतात."

"अगं, मागच्या साली तर उजवीकडे पाहिजे होता! हे लोक बिलकुल एका गोष्टीवर टिकत नाहीत." मग त्या शाळेच्या प्राचार्यांचा उद्धार झाला, त्यांच्या घरी दाना ओलीत सारखी वीज जाते ते झालं, गुडघे झाले, मुलगा बंगळुरूहून फोन करतो पण घाईत असतो, तेही झालं. शेवटी म्हणाले, "बरं, सोड लॉक. आणि काम झालं की परत माझ्या नावावर लाव."

मी लावलं. तेव्हापासून हेच चाललं. कोणाला अक्षर मोठं हवं, कोणाला पालकांच्या सहीला जागा हवी, कोणाला संस्थापकांचा फोटो. शाळांच्या हौसेला काही तोटा नाही, आणि मार्च आला की ती उतू जाते. दर वेळी मी फोन करायची, ते "कोणती शाळा?" म्हणायचे, आणि शिक्क्यापासून सुरू झालेलं बोलणं कुठल्या कुठे जायचं. शेजारच्या टेबलावरची मुलं एकमेकांकडे बघून हसायची.

आता जे आहे ते सांगून टाकते. मी एकटी राहते. आई-वडील गेले, बहीण इंदूरला आपल्या नातवंडांत गुंतलेली. रविवारी दूधवाला "दीदी, आधा किलो?" म्हणतो आणि मी "हाँ" म्हणते, तेवढंच दिवसभराचं बोलणं. घरात मराठी बोलायचं तर देवाशी किंवा कुकरशी. गोविंदरावांचा फोन झाला की त्या दिवशी मी घरी जाऊन नीट दोन भाज्या करायची. एरवी खिचडी.

तुम्ही म्हणाल, मग उठून जायचं त्यांच्याकडे. दाना ओली काही विलायतेत नाही, माझ्या घरून चालत जाता येतं. पण आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या इथल्या संस्थानाच्या दरबारची कारकुनी झाली. वडिलांनी दोनच गोष्टी मनावर कोरल्या होत्या. अक्षर सुवाच्य पाहिजे, आणि कामाशिवाय कोणाच्या दारात उभं राहायचं नाही. गोविंदरावही त्याच मुशीतले. त्यांनी स्वतःहून मला एकदाही फोन केला नाही. त्यांना माझ्याशी काम नव्हतं ना. काम होतं ते मला, त्या लॉकपुरतं.

ह्या वर्षी हर्षिता आमची प्रमुख होऊन आली. घरची मराठीच आहे, पण दुसऱ्या वाक्याला हिंदीत घसरते. मुलगी हुशार, उद्धट अजिबात नाही, म्हणून तिच्यावर धड रागावताही येत नाही. संक्रांतीनंतर एक दिवस ती माझ्या टेबलापाशी आली.

"शामलाताई, हे गोविंद कौन हैं? निकालपत्रिकेवर लॉक इनका है, आणि खातं पण चालू आहे."

"रिटायर झाले."

"तर मग लॉक अजून का आहे?"

"मी ठेवलंय म्हणून."

ती खुर्ची ओढून बसली. "ताई, मी काही बोलत नाही आहे. पण आपण नवीन सिस्टमवर जाऊन राहिलोय ना, तिथे हे लॉक-विक काही नसतं. दोघांनी एकच फाइल बदलली तरी मशीन दोनों को जोड़ देगी. किसी को किसी से पूछना ही नहीं पड़ेगा."

तिला वाटलं, ही मला आनंदाची बातमी आहे.

"शनिवारी सगळं हलवायचं आहे," ती उठता उठता म्हणाली. "त्याच्या आधी जुनी खाती बंद करायची आहेत. ते तुम्हीच करा. तुमचं काम आहे, मी हात नाही लावणार."

मी दोन दिवस ते पुढे ढकललं. सगळी जुनी खाती बंद केली, एक सोडून. शुक्रवारी दुपारी फोन उचलला. खरं काय ते सांगायचं ठरवलं होतं: लॉक जातंय, तुमचं नाव जातंय, ह्यापुढे तुम्हाला विचारायचं काही कारण उरत नाही.

"कोणती शाळा?" गोविंदराव म्हणाले.

ठरवलेलं बाजूलाच राहिलं. जे सुचलं ते बोलून गेले. "मुरारची. बालोद्यान."

"त्यांना काय पाहिजे?"

"विषयांची नावं ठळक अक्षरात."

"अच्छा." मी वाट पाहत होते की आता ते बालोद्यानच्या प्राचार्यांना धारेवर धरतील, विजेला शिव्या घालतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. एवढंच म्हणाले, "बरं. सोड."

परत माझ्या नावावर लाव, असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत. विसरले असतील, असं मला वाटलं.

लॉक सोडलं. मग खातं काढायची आज्ञा दिली. पडद्यावर प्रश्न आला: खात्री आहे का? मशीनलासुद्धा आधी विचारावंसं वाटतं. मी हो म्हटलं आणि गोविंदराव यादीतून गेले. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

नवी सिस्टम चांगली आहे. मनापासून सांगते, चांगलीच आहे. मला वाटलं होतं गोंधळ होईल, कोणाचं काम कोणावर चढेल, निकालपत्रिका वाकड्यातिकड्या छापल्या जातील आणि मग सगळे माझ्याकडे धावत येतील. रोज सकाळी आल्या आल्या मी त्या फाइलचा इतिहास उघडून बघायची, कुठे काही बिघडलंय का. काही बिघडत नव्हतं. मुलं फाइल बदलत होती, मशीन जोडत होती, शाळा खूश होत्या. कोणाचं काही म्हणजे काही अडलं नाही. माझ्या टेबलाशी येणंही बंद झालं. चहाचा कप ठेवायला येईल तेवढाच माणूस.

मार्च आला. ठळक अक्षरं, शिक्के, संस्थापकांचे फोटो, सगळी वरात दरवर्षीसारखी आली आणि माझ्या शेजारून निघून गेली. आणि मला एकच गोष्ट खायला लागली. गोविंदरावांना कॅलेंडर कळतं. मार्चमध्ये फोन येतो हे त्यांना माहीत आहे. ते तिथे फोनजवळ बसले असतील, आणि त्यांच्या हिशेबी लॉक अजून त्यांच्याच नावावर आहे. म्हणजे फोन न येण्याचा अर्थ ते एकच काढणार, की शामला आता न विचारताच तोडायला लागली.

ते मला सहन होईना. बाकी जग मला काहीही म्हणो.

रविवारी चार वाजता निघाले. पाटणकर बाजारात हातात काहीतरी असावं म्हणून द्राक्षं घेतली, आणि घेतल्यावर वाटलं की फळांची पिशवी घेऊन आपण दवाखान्यात निघालोय. दोनदा परत फिरावंसं वाटलं. वडील डोक्यात सारखे विचारत होते, काम काय? दाना ओलीत एका पिठाच्या गिरणीवर पत्ता विचारला. गिरणीवाल्याने पिठाचा हात वर करून जिना दाखवला. "बाबूजी ऊपर ही मिलेंगे. कहीं जाते नहीं हैं."

आतून टीव्हीचा मोठा आवाज येत होता. कडी वाजवली. आवाज बंद झाला, बराच वेळ चप्पल घासत आली, आणि दार अर्धं उघडलं. गोविंदराव वाळले होते. स्वेटरचं बटण चुकीच्या काजात होतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं.

"कोणती शाळा?" ते म्हणाले.

इतकं पाठ करून आले होते, सगळं विसरले. "कुठलीच नाही, गोविंदराव. लॉक गेलं. तुमचं खातं पण गेलं. मीच काढलं. आता नवीन सिस्टम आहे, तिच्यात कोणाला विचारावं लागत नाही. त्या दिवशी फोनवर हेच सांगायचं होतं, पण सांगता आलं नाही."

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"कसं?"

"अगं, बालोद्यान बंद होऊन किती दिवस झाले. माझी पुतणी तिथेच शिकवायची. आता तिथे मॅरेज गार्डन आहे." ते दाराच्या चौकटीला टेकले. "तू नाव घेतलंस आणि मला वाटलं, झालं आता. शामला कधी असं बोलत नाही."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"काय बोलणार होतो? आपलं तर लॉकचंच काम होतं. लॉक नाही तर फोन कसला." खाली बघत म्हणाले, "तसं त्या फाइलमध्ये मला काही करायचं नव्हतं. शेवटच्या दिवशी असंच लॉक करून आलो होतो. म्हटलं, कोणाला तरी विचारावं लागेल."

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "दोन्ही फाइली त्याच दिवशी शेजारी लावून पाहिल्या होत्या."

त्यांनी मान वर केली. ते हसतील असं मला वाटलं, पण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्यांच्याकडे चष्मासुद्धा नव्हता. मीही द्राक्षांच्या पिशवीकडे बघत राहिले.

"म्हणजे आज काही काम नाही तुझं?" त्यांनी विचारलं.

"नाही. काहीच काम नाही."

"तर मग दारात का उभी आहेस?"

खोलीत दोन खुर्च्या होत्या. एक टीव्हीसमोर, घडीची शाल टाकलेली. दुसरीवर वर्तमानपत्रांचा ढीग होता, वरची वर्तमानपत्रं नवी, खालची पिवळी. मी उचलायला पुढे झाले तर त्यांनी मला थांबवलं आणि स्वतः दोन्ही हातांनी ढीग उचलून कॉटवर ठेवला. खुर्चीची धूळ टॉवेलने पुसली, ती तिच्यावर चांगलीच बसली होती. मी बसले. ते आत गेले, गॅस पेटवल्याचा आवाज आला, भांडं पडलं, मग बराच वेळ काहीच नाही.

"शामला," आतून त्यांनी विचारलं, "साखर किती घेतेस?"

मला एकदम सांगता येईना. ऑफिसात चहा खालच्या ठेल्यावरून तयार यायचा, आणि फोनवर ह्या गोष्टीची कधी गरज पडली नव्हती.