न लागलेला दिवा

सरोवराकाठच्या दीपगृहाचा इतिहास मी लिहावा, असे बंदर कचेरीने ठरवले. माझे अक्षर बरे आहे आणि मी फारसे बोलत नाही. अट एकच होती. नव्वद वर्षांत दिवा एकाही रात्री चुकला नाही, हे नोंदवह्यांवरून दाखवायचे. तसे दिसले तर मनोरा राहील, आणि त्याच्या तळखोलीत राहणारा माझा मामाही. नाहीतर दोघेही जाणार.

मामा इथला शेवटचा रखवालदार. त्याच्याआधी आजोबा.

महिनाभर मी ओलसर वह्या वाचत राहिलो. 'दिवा लागला. हवा निरभ्र.' हजारो वेळा तेच. डोळे शिणले, मनही. मग एका पानावर बोट थबकले. आजोबा मंगळवारी पहाटे गेले, हे आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. मंगळवार ते शनिवारच्या नोंदी मात्र त्यांच्याच वळणदार अक्षरात होत्या.

दुपारी वही मामासमोर ठेवली. तो गुडघ्याला तेल चोळत होता.

"आठवड्याच्या नोंदी रविवारीच आगाऊ उरकायचे सगळे," तो म्हणाला. "एकशे बारा पायऱ्या उतरल्यावर लिहायचं त्राण कुणात असतं?"

"आणि हवा? ती आधी कशी कळायची?"

"चुकली तर हवेची चूक."

"मामा, या पाच रात्री दिवा कोणी लावला?"

त्याने तेलाच्या बाटलीला बूच लावले. "कुणी नाही."

"मग हे लिहिलं तर खोली जाईल."

"जाऊ दे. गुडघ्यांना तेवढीच सुट्टी. लिही तू."

मी लिहिले: पाच रात्री दिवा लागला नाही. कागद त्याच्या हाती दिला.

"सहा," तो म्हणाला.

"रविवारची नोंद तुझ्या अक्षरात आहे."

"म्हणूनच म्हणतो, भाच्या. माझी पहिली रात्र होती. जिन्याच्या निम्म्यावर आलो तर कठडा हाताला गुळगुळीत लागला. तुझ्या आजोबांच्याच तळव्यानं झिजलेला. तिथं बसलो तो उजाडेपर्यंत. खाली आलो आणि लिहिलं, दिवा लागला."

मी पाच खोडून सहा केले. मामाने ती ओळ पुन्हा वाचली, चष्मा काढून ठेवला आणि दोरीवरचे वाळलेले कपडे एकेक करून ट्रंकेत भरू लागला.