जोलीनचा आवाज मी का वगळला

मित्रांनो, अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या सीडर फोर्क नावाच्या गावात, व्हर्ना पँक्रॅट्झच्या स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याला टेकून बसलेला मी एक जुना स्कॅनर आहे. दिसायला साधा रेडिओ, पण गाणी-बातम्या माझ्या नशिबात नाहीत. अग्निशमन दल, रुग्णवाहिका, पोलीस, रस्ते दुरुस्तीवाले हवेतून एकमेकांशी बोलतात ते मी पकडतो आणि घरातल्यांना ऐकवतो. उलट बोलायची सोय माझ्यात ठेवलेली नाही. मी नुसता कान आहे. हे माझं दुःख पुढे कळेलच.

मी जन्मलो समुद्रापार एका कारखान्यात. तिथलं फारसं आठवत नाही. मला शहाणपण आलं ते या गावात. इथे पाण्याच्या टाकीवरचा भोंगा वाजला की घरोघरी बायकांचे हात आधी स्कॅनरच्या आवाजाच्या बटणाकडे जातात आणि मग उतू जाणाऱ्या भांड्याकडे. कुणाची आजी न्हाणीघरात घसरली, कुणाची गाय रस्त्यावर आली, याची नोंद रुग्णवाहिका निघायच्या आधी गावभर झालेली असते. चर्चमधल्या प्रार्थनेत आजाऱ्यांची नावं वाचतात तेव्हा कुणी दचकत नाही. सगळ्यांनी ती आधीच ऐकलेली असतात, फक्त चेहरे पहिल्यांदा ऐकल्यासारखे करायचे असतात. ते त्यांना छान जमतं.

माझ्या आधी या घरात फ्रिजवर एक थोराड स्कॅनर होता. जिल्ह्याने सगळी यंत्रणा डिजिटल केली आणि तो म्हातारा एका सकाळी गप्प झाला. व्हर्नाला वाटलं, देवाची कृपा, कुणालाच काही होत नाहीये! ती त्या शांततेवर खूश होती. मग एक दिवस तिच्याच खिडकीसमोरून आगीची गाडी बोंबलत गेली आणि फ्रिजवरचा म्हातारा हूं की चूं करेना. तेव्हा तिला उमगलं.

म्हणून मला आणलं. तिचा नवरा मार्लिन खोका उचलून म्हणाला, "एवढ्यात एक बरं वासरू आलं असतं."

"वासरू सांगणार आहे का जोलीन कुठे आहे ते?" व्हर्ना म्हणाली.

"वासरू निदान मोठं तरी झालं असतं."

जोलीन ही त्यांची एकुलती एक मुलगी. गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलात ती एकटीच बाई. ती नोकरी नव्हे. कमरेचा पेजर वाजला की हातातलं टाकून पळायचं, एवढंच. लेक आगीकडे पळते तेव्हा आईने करायचं काय? ऐकायचं. व्हर्नाने मला घेतलं ते एवढ्याचसाठी, बाकी गावाच्या भानगडी वरकड नफा.

मला कामाला लावणं मात्र सोपं नसतं. जुन्या स्कॅनरला एकेक लहर दिली की झालं. नव्या यंत्रणेत सगळे एकाच छपराखाली बोलतात आणि प्रत्येकाचा वेगळा गट असतो. व्हर्नाने पुस्तिका पुढ्यात घेऊन गावाचा पिनकोड माझ्यात भरला, आणि मी इमानेइतबारे आसपासचं सगळं गोळा केलं. शाळेच्या बसा, बर्फ काढणारे, शेजारच्या जिल्ह्याची कचऱ्याची गाडी. सकाळपासून मी बडबडतोय आणि मार्लिन पेपर आपटतोय.

"आई, रविवारी येते मी, नीट लावून देते," जोलीन फोनवर म्हणाली होती. पण रविवारपर्यंत थांबेल ती व्हर्ना कसली! तिला माझ्यावरचं एक बटण सापडलं. ते एकदा दाबलं की नको असलेला गट मी मला बंद करेपर्यंत वगळतो. लगोलग दोनदा दाबलं की कायमचा. व्हर्ना शेगडीचं बटणसुद्धा दोनदा तपासते. ती सगळं दोनदाच दाबत गेली. बसा गेल्या, कचरा गेला, घरात शांतता झाली. रविवारी जोलीन आली तेव्हा आईने दिमाखात सांगितलं, "झालंय सगळं. जेव."

आणि मग आला बुधवार. बुधवारी दलाचा सराव असतो. पाइप जोडायचे, पंप तपासायचे, आणि हे सगळं ते 'मैदान दोन' नावाच्या गटावर बोलत करतात. आपलं कोण ऐकतंय, असं त्या पोरांना वाटतं. ऐकत असतो अख्खा चर्चचा महिलावर्ग! त्या दिवशी पंप सुरू होईना. दलाचा कप्तान रॉइस त्याला काहीबाही म्हणाला, ते व्हर्नाने सोडून दिलं. पण मग एक बाईचा आवाज आला आणि त्या पंपाच्या आईपासून सुरुवात करून त्याचा असा उद्धार झाला की मैदानावर हशा पिकला.

व्हर्नाचे हात पिठात होते. ती लालेलाल झाली. आवाज तिच्या लेकीचा होता.

मेनोनाइट म्हणजे साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या घरातली पोर, जेवणाआधी मान खाली घालणारी! व्हर्नाने मार्लिनकडे पाहिलं. त्याला कमी ऐकू येतं, तो सूप पीत होता. मग तिने पिठाच्या बोटाने ते बटण दोनदा दाबलं. जोलीनला याबद्दल ती कधी बोलली नाही. बोलायची लाज वाटली.

मित्रांनो, मला सांगितलं तसं मी केलं. पुढे हिवाळाभर एकेका गटावरून फिरताना मैदान दोन आलं की मी तिथे थांबत नव्हतो.

आमच्याकडे वसंतात कुरणं जाळतात. जुनं गवत जाळलं की नवं कोवळं येतं, गुरं अंग धरतात. वारा बघून, रस्त्याकडेने पाणी मारून, शेजाऱ्यांना सांगून जाळायचं असतं. त्या दुपारी यान्झनच्या कुरणातली आग वाऱ्याने उचलली. भोंगा झाला. व्हर्ना पाव करत होती, आमच्याकडचे दुमजली, मोठ्यावर छोटा गोळा बसवलेले. ती तशीच माझ्यापाशी आली.

नियंत्रण कक्षातली बाई शांत आवाजात म्हणाली, "चार नंबरची गाडी, रॉइस आणि जोलीन, निघाले. सर्व गाड्या, मैदान दोनवर या."

आणि माझ्यातून आवाज येणं थांबलं.

"काय म्हणतायत?" मार्लिनने विचारलं.

"काहीच नाही म्हणत."

"मग बरं आहे."

"बरं नाहीये, मार्लिन!" तिने मला उचलून हलवलं. "बोल ना रे. बोल!"

मी काय बोलणार! मी फिरत होतो. रस्तेवाले म्हणाले, धुरामुळे पूल दिसत नाही, वाहतूक अडवली आहे. ते ऐकवलं. रुग्णवाहिकेला निघायचा हुकूम झाला, ठिकाण यान्झनचं कुरण. तेही ऐकवलं. मग मैदान दोन आलं. तिथे कुणीतरी बोलत होतं. हवा भरलेली होती, मला ते कळत होतं, आणि मी पुढे गेलो. फिरून आलो, अजून बोलणं चालू होतं. पुन्हा पुढे गेलो. घरातल्या माणसाने सांगितलेलं मोडायची सोय कारखान्यात माझ्यात ठेवली नव्हती. तिसऱ्यांदा आलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. व्हर्नाची मैत्रीण आर्डिस उनरू, दोन गल्ल्या पलीकडची. तिचं रडणं मला डब्यापाशी ऐकू येत होतं.

"व्हर्ना, ऐकलंस ना गं? धुरात अडकलेली पोरगी, आणि बोलली बघ तुझ्याशी! किती गं..."

"कोण बोललं? कुणाशी?"

पलीकडे रडणं थांबलं. "तू लावलेला नाहीस?"

"लावलाय! तो बोलतच नाहीये! आर्डिस, काय झालंय ते सांग."

"गाडी बंद पडली. जोलीन पाइप घेऊन उतरली होती, रॉइसला ती दिसत नाहीये. तिने रेडिओवर... व्हर्ना, तू मैदान दोन लाव."

व्हर्ना माझ्याकडे वळली. तिने बटण एकदा दाबलं, दोनदा दाबलं, भलताच गट गेला. मला बंद करून चालू केलं. कायमचं वगळलेलं असं परत येत नाही. ते आतल्या यादीत जाऊन एकेक उघडावं लागतं. पुस्तिका सापडली, चष्मा सापडेना. "मार्लिन, वाच! वाच ना!" मार्लिन भलतीच पानं उलटत राहिला.

"आर्डिस, तुझा फोन तुझ्या स्कॅनरला लाव," ती ओरडली. "लाव गं!"

आर्डिसने लावला. त्या फोनमधून रॉइसचा बारीक आवाज आला, पुन्हा पुन्हा तोच. "जोलीन, उत्तर दे. जोलीन, काळ्यात ये, जळून गेलेल्या जागेत ये. उत्तर दे." उत्तर येत नव्हतं. व्हर्ना फोन कानाशी दाबून उभी होती आणि पाव ओव्हनमध्ये करपत होते. कुणाचं लक्ष नव्हतं.

मी फिरत राहिलो. माझ्या हातात तेवढंच होतं. बसा नाहीत, कचरा नाही, मैदान दोन नाही, पोलीस गप्प, आणि मग रुग्णवाहिका. ती रुग्णालयाशी बोलत होती. "एक महिला, स्वतः चालत काळ्या जागेतून आली. दोन्ही हात भाजलेत. नाकातोंडात धूर गेलाय, शुद्धीवर आहे."

दलात बाई एकच होती. व्हर्ना तिथेच जमिनीवर बसली. मार्लिनला ऐकू गेलं नव्हतं, तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. पोर आहे, अशी तिने मान हलवली.

जोलीन घरी आली ती पट्ट्या बांधलेले हात घेऊन. आईने घास भरवता भरवता विचारलं, "काय म्हणालीस गं तेव्हा?"

"काही नाही. पाणी मागितलं."

"आर्डिस रडत होती."

"आर्डिस लग्नाच्या केकलाही रडते." जोलीनने मान वळवली. "आई, मला वाटलं तू ऐकलंस."

व्हर्ना आर्डिसकडे गेली. मग दुकानात, मग चर्चच्या बायकांकडे. कुणाच्या घरची अंडी फुटली तेही सांगणारं हे गाव, त्या एका गोष्टीवर सगळ्यांची वाचा बसली. "धूर होता गं, तुटक आलं." "मी तेव्हा अंगणात होते." सगळ्यांनी ऐकलं होतं. ते जिच्यासाठी होतं ती सोडून. आणि ज्याला ते सांगायला आणलं होतं तो सोडून. माझ्यात साठवण नाही. जे पकडलं नाही ते मला विचारूनही मिळत नाही.

नंतर जोलीनने बाजूला बसून सांगितलं आणि व्हर्नाने एकेक गट उघडला. तिने सगळेच उघडले. आता मी दिवसभर बडबडतो, मार्लिन पेपर आपटतो, व्हर्ना काही बंद करत नाही. बुधवारी पंप बिघडतो तेव्हा ती हातातलं काम थांबवून ऐकते, शिव्यांसकट. कधी धूळ पुसता पुसता माझ्यावर हात ठेवते आणि काहीतरी येईल म्हणून थांबते. ते येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिलाही असावं.

मित्रांनो, मला फडक्याने पुसलं नाहीत तरी चालेल, कोपऱ्यात ठेवलंत तरी चालेल. पण माझ्यासारखा कुणी घरात आणाल, तर त्यातला कुठला आवाज कशासाठी आहे, हे त्या कामावर जाणाऱ्या तुमच्या माणसाला समोर बसवून विचारा. त्याच्या तोंडून काय ऐकावं लागेल याची लाज धरू नका. तो घरी जेवायला बसलेला असतो तेव्हाच विचारा.