उशिरा सापडलेली खोली

मित्रांनो, मी एक जुनी काळी सायकल आहे. माझा रंग उडाला आहे, पुढचे मडगार्ड वाकडे आहे आणि घंटी केव्हाच गेली आहे. तरी माझी गोष्ट ऐका. ती माझ्यापेक्षा माझ्या माणसांची जास्त आहे.

झाशीच्या बड्या बाजारातून नीलकंठरावांनी मला घरी आणले, तेव्हा रुळांवर अजून वाफेची इंजिने धावत होती. ते रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. त्यांच्या पत्नी शकुंतलाबाईंनी मला हळदकुंकू वाहिले आणि हँडलला झेंडूची माळ घातली. लहानग्या इंदूला दांडीवर बसवून नीलकंठराव किल्ल्याकडे फेरी मारून आणत. सुटीच्या दिवशी माझी चेन रॉकेलने धुऊन तेल घालत. "अपनी दुलहन है ये," असे शेजाऱ्यांना हसून सांगत. तेव्हा मी फार सुखात होते.

मग कारखान्यातली पाळी सुटल्यावर ते मला घराऐवजी दारूच्या ठेक्याकडे वळवू लागले. सुरुवातीला सोबत्यांबरोबर, नंतर एकटेच. परतताना त्यांना माझ्यावर बसता येत नसे. माझा आधार धरून ते चालत. मी पडले की तेही पडत. तेल घालणे तर बंदच झाले.

शकुंतलाबाईंनी हे कोणालाही कळू दिले नाही. कारखान्यातून कोणी चौकशीला आले, की दारातूनच सांगत, "ह्यांना ताप आहे." गावात मराठी घरे मोजकीच. एका घरातली गोष्ट सगळ्या घरांत जाईल, ही त्यांची धास्ती.

एका संध्याकाळी पिऊन आलेल्या नीलकंठरावांनी इंदूला फिरायला काढले. ती म्हणाली, "बाबा, मी चालत येते." त्यांनी ऐकले नाही. सिपरी बाजाराच्या वळणावर आम्ही तिघेही आपटलो. माझे मडगार्ड वाकले आणि इंदूचा हात मोडला. ती रडली नाही. वडिलांकडे नुसती बघत राहिली. त्या नजरेपुढे नीलकंठरावांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी दारू सोडवण्याचा उपाय शोधायला शकुंतलाबाईंनी मला बाहेर काढले. त्यांना सायकल चालवता येत नव्हती. पण एकटी बाई बाजारात रेंगाळली तर लोक बघतात. हातात सायकल असली की ती कामाला निघाल्यासारखी दिसते. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, "इसकी कोई दवा नहीं होती, बहनजी." देवळात कोणी अंगारा दिला, कोणी नवस सुचवला. शेवटी त्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथून नीलकंठरावांबरोबर काम करणारे हरिभाऊ बाहेर आले. एके काळी तेही खूप पीत, हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होते.

शकुंतलाबाईंनी धीर करून विचारले, "हरिभाऊ, तुमची कशी सुटली?"

"वहिनी, एकट्याने नाही सुटली. सदर बाजारात शाळेच्या मागे एक खोली आहे. तिथे आम्ही सगळे पिणारे बसतो आणि एकमेकांना खरं काय ते सांगतो. बाहेर पाटी नाही, म्हणून कुणाला सापडत नाही."

"मग मला आधी का नाही हो सांगितलंत?"

"तुमच्या दारात आलो होतो ना. तुम्ही म्हणालात, ताप आहे."

शकुंतलाबाई माझे हँडल धरून तिथेच खाली बसल्या.

शकुंतलाबाईंच्या सांगण्यावरून नीलकंठराव त्या खोलीत गेले. मी खिडकीखाली उभी होते. आपली वेळ आली तेव्हा ते उठून उभे राहिले. मग ते म्हणाले, "मी नीलकंठ. मुझसे शराब नहीं छूटती. मी माझ्या पोरीचा हात मोडला." कोणी हसले नाही. जवळच्या बबीना छावणीतले एक निवृत्त फौजी म्हणाले, "आते रहिए, भैया. बस, आते रहिए."

ते जात राहिले. मध्ये एकदा तोल गेला, तेव्हा हरिभाऊंनी त्यांना ठेक्यावरून हात धरून परत आणले. त्यानंतर मात्र ते दारूला शिवले नाहीत. माझ्या चेनला पुन्हा तेल मिळाले. बऱ्या झालेल्या हाताने इंदू मला चालवायला शिकली.

पण नीलकंठरावांचे डोळे पिवळे पडू लागले, पोट फुगले. डॉक्टर म्हणाले, लिव्हर गेले आहे. दारू आधीच सुटायला हवी होती. पायडल मारण्याची ताकद उरली नाही, तेव्हा शकुंतलाबाई त्यांना कॅरिअरवर बसवून मला ढकलत खोलीपर्यंत नेत. वाटेत ते एकदा म्हणाले, "शकू, थोडं आधी आलो असतो तर गं?" त्यांनी मला पुढे ढकलले. माझ्या हँडलवर पाणी टपटपत राहिले.

दिवाळीच्या आधी नीलकंठराव गेले.

शकुंतलाबाई अजून मला घेऊन त्या शाळेपाशी जातात आणि कोपऱ्यावर उभ्या राहतात. परवा एक तरुण बाई तिथून पुन्हा पुन्हा ये-जा करत होती. शकुंतलाबाई पुढे झाल्या. "यहीं है," त्या म्हणाल्या. "मैं भी ऐसे ही ढूँढती थी."

त्या बाईने हळूच विचारले, "आपके वो ठीक हो गए?"

शकुंतलाबाईंची बोटे माझ्या हँडलवर घट्ट झाली. "छूट गई थी उनकी," त्या म्हणाल्या. "आप जल्दी आई हैं, बेटी. चलिए, अंदर चलिए."

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाला हा आजार असेल, तर लाजून दार लावून घेऊ नका. विचारा. वाट माहीत असलेला माणूस कदाचित रोज तुमच्याच गल्लीतून जात असेल. मात्र लवकर विचारा. माझी एवढीच विनवणी आहे.