फॉर्मवरचा नंबर

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा फोन आहे. माझ्या पोटात ऐंशी मेसेज मावतात, त्याहून एकही जास्त नाही. तुमच्या घरातले फोन चित्रे दाखवतात, गाणी म्हणतात, रस्ता सांगतात. मला यातले काही येत नाही. मी वाजतो आणि इकडचे बोलणे तिकडे पोहोचवतो. एवढ्याच कामावर माझे आयुष्य गेले, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखे हजारो होते. कुणी पाठ लावली, कुणी बटणे बसवली, शेवटी एका बाईने माझे पाचचे बटण दाबून पाहिले आणि मला खोक्यात घातले. पुढे दुकानाच्या काचेत बरेच दिवस काढले. मग एक दिवस एक गृहस्थ आले. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले आणि ओल्या हाताने उचलला तर चालेल का, असे विचारले. दुकानदार म्हणाला, थोडाफार चालेल. "थोडाफार पुरे," ते म्हणाले, आणि मी त्यांच्या शर्टाच्या खिशात जाऊन बसलो.

ते नळदुरुस्तीचे काम करीत. सगळे त्यांना नळवालेच म्हणत. त्यांनी माझा नंबर जिन्यांखाली, पाण्याच्या टाक्यांवर, मीटरच्या पेट्यांवर स्वतःच्या हाताने रंगवला. दिवसाला तीस-तीस फोन येत. ते दुसऱ्या घंटेला उचलत. जेवत असले तर डाव्या हाताने उचलत. फोन करणाऱ्याच्या घरात पाणी वाहत असते, असे ते म्हणत.

त्यांनी माझ्यात मोजकी नावे लिहिली होती. बायकोचे नाव 'घर' होते. मुलीचे नाव 'वॉशर' होते. वॉशर म्हणजे नळाच्या आत बसणारी रबराची छोटी चकती. लहानपणी हे नाव ऐकून मुलगी रुसली, तेव्हा ते तिला म्हणाले होते, की नळ पितळेचा असो नाहीतर सोन्याचा, वॉशर नसला की सगळे घर ओले. मी तिला अजून त्याच नावाने ओळखतो.

वॉशर मोठी झाली आणि रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करू लागली. नळ्यांवर नावे चिकटवायची, सुई टोचायची, पुढच्याला बोलवायचे. मग तिचे लग्न झाले. जावई दूरच्या देशात बसच्या डेपोत मेकॅनिक होते. लग्नानंतर दोघे सव्वीस दिवस एकत्र राहिले. सत्ताविसाव्या दिवशी ते विमानाने परत गेले.

मित्रांनो, लग्न झाले म्हणून बायकोला दुसऱ्या देशात लगेच नवऱ्याकडे राहायला जाता येत नाही. तिला व्हिसा लागतो. आधी फॉर्म भरायचा, मग लग्नाचे दाखले, फोटो, पोलिसांचा दाखला, असे सगळे पाठवायचे. मग वाट पाहायची. मग त्या देशाच्या वकिलातीत मुलाखत असते. तिथला अधिकारी प्रश्न विचारतो आणि मगच ठरवतो. या मुलाखतीची तारीख मिळणे हेच सर्वांत अवघड असते.

फॉर्मवर एक फोन नंबर लिहायचा होता. प्रयोगशाळेत वॉशरला स्वतःचा फोन कपाटात ठेवावा लागे. म्हणून नळवाले म्हणाले, "माझा लिही. मी उचलतो." तिने माझा नंबर लिहिला. त्या दिवशी मला जरा मोठे झाल्यासारखे वाटले. ते वाटणे टिकले नाही.

चौदा महिने गेले. वकिलातीकडून काही आले नाही. एका दुपारी नळवाले कुणाच्या तरी गच्चीवर टाकी बसवत होते. मी खिशात होतो. त्यांच्या छातीचे ठोके मला रोज ऐकू येत. त्या दुपारी ते ठोके आधी घाईने आले आणि मग आले नाहीत. इस्पितळातून मी एका कागदी पाकिटात घरी आलो. पाकिटात त्यांचे घड्याळ आणि एक पाना होता. याहून जास्त मला सांगता येत नाही.

एरवी त्यानंतर मी खणात गेलो असतो. पण फॉर्मवर माझा नंबर होता. वॉशरने चौकशी केंद्रात विचारले. नंबर बदलता येईल, पण फाइल पुन्हा मागे जाईल, काही महिने लागतील, असे उत्तर मिळाले. तिने नंबर बदलला नाही. मला तिसऱ्या मजल्यावरच्या घराच्या खिडकीत, जिथे चांगली रेंज येते तिथे, चार्जरला लावून ठेवले. तिथून मला हलवायचे नाही, असे ठरले.

नळांचे फोन येतच राहिले. भिंतींवरचा नंबर कुणी पुसला नव्हता. घरी असली की वॉशर उचले. आधी ती खरे सांगे, पण मग लोक दहा-दहा मिनिटे हळहळत आणि तिलाच त्यांची समजूत काढावी लागे. म्हणून ती एवढेच सांगू लागली, की ते सध्या काम करत नाहीत. एका गिऱ्हाइकाने विचारले, मग कधी सुरू करणार? ती म्हणाली, नक्की नाही. हे बोलताना तिचा आवाज नळ्यांवर नावे चिकटवतानाचा असे.

दर रविवारी जावई तिच्या नव्या फोनवर बोलत. मला खिडकीतून ऐकू येई. पहिल्या वर्षी ते तासभर बोलत. मग अर्धा तास. मग असे होऊ लागले:

"काही आलं?"

"नाही."

"जेवलीस?"

"हो. तुम्ही?"

"हो."

मग दोघे फोन तसाच कानाला लावून बसत. भांडण नव्हते. सांगण्यासारखे काही उरले नव्हते. वॉशरची मावशी एकदा येऊन म्हणाली, "हे लग्न आहे की पत्रव्यवहार?" आई तिच्यावर चिडली. वॉशर चिडली नाही. तिने मावशीला आणखी चहा दिला.

फॉर्म भरल्यापासून दोन वर्षे आणि आठ महिन्यांनी वकिलातीचे पत्र आले. आता मुलाखतीची तारीख संकेतस्थळावर जाऊन स्वतः निवडायची होती. तारखा मंगळवारी सकाळी उघडत आणि काही मिनिटांत संपत. तारखेवर बोट ठेवले की फॉर्मवरच्या नंबरावर सहा आकड्यांचा कोड येणार होता. तो दहा मिनिटांत भरायचा. घाई होती, कारण पोलिसांच्या दाखल्याची मुदत संपायला फक्त पंधरा आठवडे उरले होते. ती संपली तर दाखला पुन्हा, अर्ज पुन्हा आणि रांगही पुन्हा.

त्या मंगळवारी वॉशरने अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मैत्रिणीचा लॅपटॉप माझ्या शेजारी ठेवला. तारीख दिसली. तिने ती निवडली. 'कोड पाठवला आहे' असे पडद्यावर आले. आई आणि ती दोघी माझ्याकडे पाहत बसल्या.

कोड आला नाही. तिने पुन्हा मागितला. आला नाही. तिसऱ्यांदाही आला नाही. मग संकेतस्थळाने सांगितले, की आता तीस दिवसांनी प्रयत्न करा.

मित्रांनो, माझ्या डोक्यावर जवळजवळ दीड वर्षापासून मेसेजचे एक छोटे पाकीट लुकलुकत होते. माझी पेटी भरली होती. ऐंशीच्या ऐंशी मेसेज. नवा मेसेज येऊन दाराशी थांबत होता आणि आत शिरायला जागा नव्हती. नळवाले गेल्यापासून वॉशरने माझी पेटी एकदाही उघडली नव्हती. ती फोन उचलत होती, चार्जर पाहत होती, माझ्यावरची धूळ पुसत होती. फक्त तेवढे एक बटण ती दाबत नव्हती. मी तिला सांगू शकलो नाही. मला बोलता येते ते फक्त दुसऱ्यांचे.

तिने लॅपटॉप मिटला, डबा घेतला आणि दुपारच्या पाळीला कामावर गेली. आई म्हणाली, आज तरी राहू दे. ती म्हणाली, घरी बसून काय करू.

दोन दिवसांनी तिने मला फोन दुरुस्त करणाऱ्याकडे नेले. त्याने दोन बटणे दाबली आणि हसला. "ताई, फोन ठणठणीत आहे. नुसतं पोट फुगलंय त्याचं. पुसून टाकू सगळं?" त्याचा अंगठा बटणावर गेलाच होता.

"नको," ती म्हणाली.

इतक्या जोराने तिला बोलताना मी बऱ्याच महिन्यांत ऐकले नव्हते. त्याने हात मागे घेतला आणि मला तिच्यासमोर ठेवले. दुरुस्तीचे त्याने काही घेतले नाही.

घरी येऊन तिने पेटी उघडली. वर सगळ्या जाहिराती होत्या. बक्षीस लागले आहे, कर्ज हवे का, वजन कमी करा. अशा एकतीस जाहिराती तिने एकामागून एक पुसल्या. जागा झाली. खाली जुने होते. गिऱ्हाइकांचे पत्ते होते, 'दुसरा मजला, बेसिनखाली गळती' असे. जावयांचे अकरा मेसेज होते. आणि तिचे स्वतःचे होते. बाबा, निघाले. बाबा, किल्ली शेजारी. बाबा, उशीर होईल. बाबा, कुठे आहात.

आईने स्वयंपाकघरातून विचारले, "त्यांचं काही आहे का गं त्यात?"

"नाही. आलेलेच आहेत. पाठवलेले हा फोन ठेवत नाही."

आई बाहेर आली. "म्हणजे तू विचारलेलं आहे, आणि त्यांनी सांगितलेलं नाही."

"ते माझ्या जुन्या फोनमध्ये होतं. तो मी नवा घेताना दुकानात दिला."

आईने मान हलवली आणि ती परत आत गेली. कुकरची शिट्टी झाली.

जाहिराती रोज तीन-चार येतात. तीस दिवसांत पेटी पुन्हा भरली असती. म्हणून वॉशर रोज संध्याकाळी कामावरून आली की खिडकीशी बसून त्या पुसू लागली. पुसून झाल्यावर ती खालचा एखादा जुना मेसेज उघडे आणि थोडा वेळ पाहत बसे. ती रडत नसे. हसतही नसे. पण बसत असे. आधी ती कुठेच बसत नव्हती.

तिसाव्या दिवसानंतरचा मंगळवार आला. दाखल्याचे दहा आठवडे उरले होते. पडद्यावर तीन तारखा दिसल्या आणि पाहता पाहता दोन गेल्या. उरलेल्या तारखेवर तिने बोट ठेवले. 'कोड पाठवला आहे.' आणि त्याच क्षणी मी वाजलो. मेसेज नव्हता. कुणाचा तरी नळ होता.

वॉशरचे दोन्ही हात लॅपटॉपवर होते. आईने आजवर मला कधी उचलले नव्हते. नवऱ्याच्या हत्याराला हात लावायचा नाही, हा तिचा आपला नियम. तिने पदराला हात पुसले, मला उचलले आणि हिरवे बटण दाबले. पलीकडे एक बाई घाबरून बोलत होती. आईने तिला पूर्ण बोलू दिले नाही.

"नळवाले वारले. मी त्यांची बायको. आधी मेन कॉक बंद करा, मीटरजवळ असतो. उजवीकडे फिरवायचा. आणि आता हा फोन ठेवा, आमच्या लेकीचं काम अडलंय."

वॉशर आईकडे पाहत राहिली. मी आईच्या हातात थरथरलो. कोड आला होता. आईला आकडे लांबून दिसत, म्हणून तिने मला हातभर दूर धरले आणि एकेक आकडा वाचला. वॉशरने तो भरला. पडदा हिरवा झाला. मुलाखत नऊ आठवड्यांनी, दाखला संपायच्या सहा दिवस आधी.

कुणी ओरडले नाही. वॉशरने जावयांना फोन लावला आणि तारीख सांगितली. मग त्यांनी विचारले, "वार कोणता?" ती म्हणाली, गुरुवार. "गुरुवार," ते म्हणाले. त्या रविवारी दोघे पाऊण तास बोलले. आईने त्या घाबरलेल्या बाईला परत फोन लावून पाणी थांबले का, ते विचारले. थांबले होते.

आता आई मला शिकते आहे. वॉशर गेली की मी आईजवळ राहणार आहे. रोज संध्याकाळी वॉशर स्वयंपाकघरात उभी राहून मला फोन लावते आणि आई खिडकीशी उचलते. काल असेच झाले.

"कोण?"

"मी बोलतेय, आई."

"कुठून?"

"कुठून काय, ओट्याजवळून."

"मग तिकडून बोलल्यासारखं बोल. मला सवय होऊ दे."

आईने मला कानावर दाबून धरले आणि ती थांबली. तिला घाई नव्हती.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी एखाद्या तारखेची वाट पाहत असेल, तर त्यांना रोज 'काही कळलं का' असे विचारू नका. कळले की ते स्वतःच सांगतील. त्यांच्याजवळ जरा बसा. आणि त्यांच्या वाट पाहण्याची जी वस्तू असेल, फोन म्हणा, फाइल म्हणा, तिच्यावर लक्ष ठेवा. व्हिसा हातात येईपर्यंत मी या खिडकीतच आहे. वाऱ्याने पडदा उडाला की मी थोडा थोडा काठाकडे सरकतो. मला स्वतःहून मागे येता येत नाही. येता-जाता कुणीतरी मला एका बोटाने आत ढकलत जा. मुलाखतीला अजून आठ आठवडे आहेत.