कोऱ्या चंबूची साक्ष

मी चंबू बोलतोय. देवघरातला तांब्याचा नव्हे, काचेचा. पोट गोल आणि मान हातभर लांब. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये माझं सगळं आयुष्य गेलं. माझ्या मानेवर ‘को’ असं अक्षर कोरलंय. को म्हणजे कोरा. ते जोतीराम सरांनी स्वतः कोरलं, १९६३ साली, मी गवत भरलेल्या खोक्यातून बाहेर आलो त्याच दिवशी.

जोतीराम धनवडे सर मूळचे कोडोलीचे. हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, माडग्यावर वाढलेला माणूस. वर्गात शिकवायला लागले की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प बसायची. हुलग्याचा विषय निघाला की मात्र सर पुस्तकी भाषा विसरायचे. “घोड्याला घालत्यात म्हणून हुलग्याला हलकं समजू नका. त्यात प्रथिनं किती हायत, ते मी मापून दाखवणार हाय.” या एकाच गोष्टीनं त्यांना झपाटलं होतं. चंदगडपासून पन्हाळ्यापर्यंतच्या रानांतले हुलगे पुड्या बांधून आमच्या टेबलावर यायचे.

मापायची रीत अशी. हुलग्याचं पीठ चंबूत घालायचं, वर कडक ॲसिड ओतायचं आणि चार तास उकळायचं. पीठ आधी कोळशासारखं काळं होतं, मग सावकाश निवळतं. त्यातून निघणारा अमोनिया मोजला की प्रथिनं कळतात. असे सहा चंबू पिठाचे, आणि सातवा मी. माझ्यात पीठ घालायचं नाही, नुसतं ॲसिड. ॲसिडातच काही भेसळ असली तर ती माझ्यात कळावी आणि बाकीच्यांच्या आकड्यांतून वजा करावी, यासाठी मी. माझा आकडा जवळपास शून्य यायला हवा. रिकामं असणं हीच माझी नोकरी होती म्हणा ना.

सकाळी सर तासांवर असायचे. चंबू भरून बर्नर पेटवायचं काम इमामभाईंचं. ते लॅबचे जुने अटेंडंट, राहायला मंगळवार पेठेत. बोलणं कमी, हाताला वळण चांगलं. सहा चंबू भरून झाले की ते एकदा दाराकडे बघायचे, शर्टाच्या खिशात बोटं घालायचे आणि माझ्यात चिमूटभर तांदूळ सोडायचे. “बिस्मिल्ला,” एवढंच पुटपुटायचे. मग ॲसिड, मग जाळ. अहो, पहिल्या दिवशी मी चाटच पडलो. पण करतो काय? मला तोंड आहे, आवाज नाही.

दुपारी सर येईपर्यंत मीही इतरांसारखा पाण्याच्या रंगावर आलेला असायचो. सर माझा आकडा काढायचे आणि कपाळाला हात लावायचे. “इमामभाई, परत एक पॉइंट सात. ॲसिडच खराब हाय हे.” ॲसिडच्या बाटल्या बदलून झाल्या, पाणी बदलून झालं, आकडा काही हलेना. इमामभाईंची चिमूटच तशी होती, दाणा इकडचा तिकडे व्हायचा नाही. ते मान खाली घालून परीक्षानळ्या पुसत बसायचे.

आणि सर रोज तो खोटा आकडा खऱ्या आकड्यांतून वजा करायचे. बाहेरच्या लोकांना हुलग्यात बावीस टक्के प्रथिनं सापडत होती, आमच्या सरांना एकोणीस. बारा वर्षं एकोणीस. शेवटी त्यांनी निबंध छापला, की आमच्या भागातला हुलगा कमी कसाचा निघाला. तो छापून आला त्या दिवशी सर घरी गेलेच नाहीत लवकर. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून राहिले. “आईला काय सांगू?” म्हणाले. “तिनं आम्हाला फुसकं खाऊन वाढवलं म्हणून?” मला फार वाईट वाटलं हो.

पंचाहत्तर सालच्या दिवाळीच्या सुट्टीत इमामभाई गेले. छातीत कळ आली आणि तासाभरात खेळ संपला. सर जनाज्याला खांदा देऊन आले. सुट्टीनंतर नवा अटेंडंट काही मिळाला नव्हता, तेव्हा सरांनीच तास दुपारवर ढकलले आणि सकाळी स्वतः चंबू भरायला घेतले.

दहा वाजले होते, खिडकीतून लख्ख ऊन आलं होतं. माझ्यात काही नव्हतं, शपथेवर सांगतो. सरांनी ॲसिड ओतलं, बर्नर पेटवला. आणि माझ्या तळाशी काहीतरी टेकलं. एक दाणा, मग दुसरा, मग दहाबारा. वर हात नव्हता, माणूस नव्हता. ॲसिड पिवळं झालं, तपकिरी झालं, बघता बघता काळंकुट्ट झालं.

सरांच्या हातातला चिमटा खाली पडला. नुसत्या ॲसिडात काळं पडायला काही नसतंच, हे त्यांनीच इतकी वर्षं पोरांना शिकवलेलं. दुपारी आकडा काढला, एक पॉइंट सात. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घासूनपुसून, उन्हात धरून आत बघितलं. तरी काळं. तिसऱ्या दिवशी दाराला आतून कडी घातली. तरी काळं. तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं, की इमामभाई हे रोज बघत असणार, मग बोलले कसे नाहीत? की तेच काही घालत होते? त्यांनी मला टॉवेलात गुंडाळलं, पिशवी सायकलला अडकवली आणि मंगळवार पेठ गाठली.

“भाभी, इमामभाई ह्याच्यात काय घालत होते?”

इमामभाईंच्या बायको मेहमुदाभाभी. त्यांनी मला मांडीवर घेतलं. “तांदूळ. रोज डब्यातनं चिमूटभर घेऊन जायाचे. रिकामं भांडं जाळावर ठिवलं की घराची बरकत जातीया, असं त्यांच्या आईनं शिकवलेलं. म्हणायचे, सर तो एक चंबू रोज रिकामाच ठिवाय लावत्यात, त्यांच्या घराला काय झालं म्हंजे? तुमच्यासाठीच घालत होते की.”

भाभींनी आवाज खाली आणला. “आनी सर, त्या डब्याचं झाकण अजून रोज सकाळी उघडं असतंय. मी घट्ट लावून झोपते.”

“भाभी, माझे बारा वर्षांचे आकडे चुकलेत. हे छापून सांगाय लागंल.”

“छापा की. पर कागदावर त्यांचं नाव चोरावानी येऊ देऊ नका. लॅबमधली एक बाटली कधी घरी आणली न्हाय त्या माणसानं.”

सर शब्द न देताच उठले. कारण दिल्याशिवाय आकडे कोण मानणार, हा घोर त्यांना लागला. निबंध छापणाऱ्या मासिकाला त्यांनी पत्र लिहायला घेतलं, ‘अटेंडंटच्या अज्ञानामुळे’ अशी सुरुवात केली आणि कागद माझ्याशेजारी ठेवून दिला. त्या दिवसापासून दाणे पडायची घाई झाली. जाळ लागायच्या आत, ॲसिड यायच्या आत, कोरड्या काचेवर टपटप वाजायला लागले. सरांना ऐकू यायचं. ते माझ्याकडे पाठ करून उभं राहायला भ्यायचे. अन्न जाईना, वर्गात शिकवताना मध्येच थांबायला लागले. असे तीन आठवडे गेले.

एका दुपारी त्यांनी तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. मग माझ्यासमोर बसून मोठ्यानं वाचला. “कोऱ्या चंबूत धान्य पडत होतं. बारा वर्षांत एकदाही मी सकाळी येऊन बघितलं नाही. दोष सर्वस्वी माझा आहे.” घडी घालून म्हणाले, “इमामभाई, नाव माझं घातलंय. आता हात आवरा.”

दुसऱ्या दिवशी ॲसिड उकळलं आणि पाण्यासारखंच राहिलं. माझा आकडा शून्य पॉइंट एक. हुलगा बावीस टक्के. बारा वर्षं ज्या आकड्यासाठी झुरले, तो समोर होता. सरांनी त्याच्याकडे धड बघितलंही नाही. माझ्या मानेवर हात ठेवून म्हणाले, “गेलात व्हय, इमामभाई?” आणि पोरासारखे रडले. मलाही रडू आलं असतं, काचेला येत असतं तर.

पत्र छापून आलं. लोक हसले. विभागप्रमुखाची खुर्ची दुसऱ्याला गेली. सर चौऱ्याऐंशी साली निवृत्त झाले, तोवर रोज सकाळी पहिले तेच लॅबमध्ये यायचे. आता ते नाहीत, मेहमुदाभाभीही नाहीत. नवं मशीन आलंय आणि मी कपाटात पडून आहे. कपाटाच्या दाराला आतून सरांनी ते पत्र चिकटवलंय. पुढच्या आठवड्यात रंगारी येणार असं ऐकतो. तेवढा कागद खरवडू नका हो. त्यात इमामभाईंचं नाव नाही. ते का नाही, हे माहीत असलेला मी एकटाच उरलोय, म्हणून तुम्हाला सांगून ठेवलं.