पोळ्याच्या पुरणाचं पाणी

कासुर्डीची अंकिता सासरी कधीच रुळली होती, पण तिच्या डाळीनं अजून सासर मानलं नव्हतं.

माहेरी विहिरीच्या पाण्यात हरभऱ्याची डाळ कशी लोण्यासारखी शिजायची. इथं, शिरूरहून दौंडकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला, घोड नदी दिसते पण हाताला लागत नाही अशा माळावरच्या वस्तीत, सगळा कारभार बोरच्या पाण्यावर. पाणी मुबलक, पण असं जड की बादलीला पांढरी पुटं चढायची, साबणाला फेस यायचा नाही आणि कुकरच्या कितीही शिट्ट्या घ्या, डाळ मधे टणक कणी धरून बसायची. प्यायला फिल्टरचा जार यायचा, पण सणाच्या रांधण्याला तो चालत नव्हता. "बैलाच्या निवदाला इकतचं पाणी? जनाची न्हाई तर बैलाची तरी लाज धरा," असं अनसाबाईंचं, म्हणजे अंकिताच्या सासूबाईंचं म्हणणं.

लग्नानंतरच्या पहिल्याच भाद्रपदी पोळ्याला अंकिताचं पुरण यंत्रात अडकून बसलं. कसंबसं पोळीत भरलं, तर शेजारच्या सोजराबाईंनी दाताखालची कणी काढून ताटाच्या कडेला ठेवली आणि पंगतीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "काय गं कासुर्डीच्या सुगरणी, ह्ये पुरण हाय का गूळ-फुटाणं?"

सगळे हसले. अंकिताही हसली. नंतर मात्र भांडी घासायला तिला त्या दिवशी फार वेळ लागला.

तेव्हापासून पोळ्याचं पुरण अनसाबाईंनी आपल्या हातात घेतलं. त्या डाळीत सोडा टाकायच्या. डाळ नरम पडायची, पण पोळीला साबणासारखी चव उतरायची. घरात कुणी बोलत नसे. अंकिता एकदा हळूच म्हणाली, "आत्या, दोष पाण्याचा आहे हो." सासूला ती आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा.

"पाण्यावर बिल फाडू नगं. हाताला गुण असावा लागतो," अनसाबाई म्हणाल्या. असं बोलताना त्या नेहमी चुलीकडं बघायच्या आणि त्यांचा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी उसना आणल्यासारखा वाटायचा.

यंदा मात्र अंकितानं पदर खोचला. "आत्या, ह्या पोळ्याला पुरण मी घालणार. पावसाच्या पाण्यात."

"आन् न्हाई शिजलं तर?"

"तर पुन्हा पुरणाचं नाव काढणार नाही. तुमचा सोडा आणि तुम्ही."

"ठरलं," अनसाबाई म्हणाल्या. "सोजरालाबी जेवायला बोलावते. साक्षीला."

अंकिताचा नवरा रविराज कंपनीत कामाला. त्यानं 'आज आणतो, उद्या आणतो' करत अखेर एक निळं पिंप आणलं. आधी त्यात टोमॅटोचा सॉस होता. धुऊन धुऊन अंकिताची बोटं सुरकुतली तेव्हा कुठं वास गेला. रविराजनं प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरून पत्र्याच्या कडेला पन्हळ बांधली, पिंपाच्या तोंडाला जाळी लावली, खाली तोटी बसवली. पहिल्या सरीनं पत्रा धुऊन निघाला की मगच पन्हळीचं तोंड पिंपात वळवायचं, हा नियम अंकितानं घरात सगळ्यांना पाठ करायला लावला.

सगळं जागच्या जागी बसलं आणि पाऊस गेला. रोज कोरडं ऊन. अंकिताची दीड वर्षाची लेक अनू डाव घेऊन रिकामं पिंप बडवत बसायची.

"पाऊस तुज्या पिंपाला भ्याला गं," अनसाबाई जाता-येता म्हणायच्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. तिचे सासरे ज्योतिबामामा गोठ्यात बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळत होते आणि दुपार कलताना दौंडच्या बाजूनं ढग चढले. बघता बघता पत्रा वाजायला लागला. अंकितानं पहिलं पाणी लाल मुरमावर सोडून दिलं, मग भिजतच जाऊन पन्हळ पिंपात वळवली. उंबऱ्यात अनूला मांडीवर घेऊन बसली आणि नुसती ऐकत राहिली. आधी ठणठण, मग धबधब, मग भरल्या पोटाची गुडगुड. असा आवाज तिनं उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

सर थांबली. अंकितानं तांब्या लावून तोटी सोडली.

पाणी गुलाबी. फिकट-बिकट नाही, लग्नातल्या सरबतासारखं गडद गुलाबी.

"मामाऽ!" तिची नजर पत्र्यावर गेली. वर बैलांचे नवे कासरे, गोंडे, माथोट्या ओळीनं वाळत घातलेल्या. सकाळीच रंगात बुडवलेल्या. ज्योतिबामामा दर पोळ्याला त्या पत्र्यावरच वाळवायचे, तापल्या पत्र्यावर लगेच सुकतात म्हणून. यंदा पत्रा हे घरातलं भांडं झालंय, हे कुणाच्या डोक्यातच शिरलं नव्हतं. अंकिताच्याही नाही.

मामा हळदीचे हात तसेच घेऊन आले. पाणी बघितलं, पत्रा बघितला, सून बघितली. "रंगवाला तर म्हनला व्हता, पक्का रंग हाय."

"मामा, उद्या काय घालू मी डाळीत?" अंकिताला रडू येत होतं आणि अनूनं तांब्यात हात घालून स्वतःचे गाल रंगवल्यावर हसूही आवरेना.

अनसाबाई दारात उभ्या होत्या. पैज तर त्यांनी उभ्या उभ्या जिंकली होती. त्यांनी एकदा आभाळाकडं बघितलं. दौंडची बाजू अजून काळी होती. त्या आत गेल्या आणि मामांचं घडीसुद्धा न मोडलेलं पांढरं धोतर घेऊन बाहेर आल्या.

"अगं ए, ते उद्या बैलामागं नेसायचं हाय!"

"जुनं नेसा. रंग तुमचा, धोतर बी तुमचंच."

त्यांनी अंगणात धोतराचं एक टोक शेवग्याला बांधलं, एक गोठ्याच्या मेढीला, उरलेली दोन रोवलेल्या काठ्यांना. मधोमध धुतलेला दगड ठेवला, तसं धोतराला खोलगट पोट आलं. त्याच्याखाली घागर. "मेंढरांमागं हिंडायचो तवा माझा बा माळावर असंच पाणी धरायचा," त्या गाठी आवळत म्हणाल्या.

"पण आत्या, तुमचा तर पाण्यावर विश्वासच नाही."

"नसंना का. तू पैज लावलीस नव्हं? बिनपाण्याची जिंकून मला काय मिळायचं?"

पाऊस पुन्हा आला. अंकिता म्हणाली, "नव्या धोतराला खळ असते, पहिलं पाणी टाकून द्या." अनसाबाईंनी मुकाट्यानं पहिली घागर ओतली आणि दुसरी लावली. दिवेलागणीला ती काठोकाठ भरली.

पोळ्याच्या सकाळी कुकर निवला, तरी अंकिताचा हात झाकणाकडं जाईना. शेवटी अनसाबाईंनीच उघडला. डाळीचा एक दाणा घेऊन दोन बोटांत धरला. दाबायची वेळच आली नाही, तो आपसूक विरघळला. दुसरा घेतला. तोही तसाच. मग त्या पाटावर बसल्या आणि बोटांकडं बघत राहिल्या.

"माजी सासू जलमभर म्हनली, तुज्या हाताला गुण न्हाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हंजी माजा हात बी बरा व्हता की गं."

अंकितानं पुरणयंत्र त्यांच्यापुढं सरकवलं. दोघी मिळून फिरवायला बसल्या. पुरण सळसळत उतरलं, रेशमासारखं.

इकडं गुलाबी पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून ज्योतिबामामांनी त्याच पाण्यानं बैल धुतले. दोन्ही पांढरे खिल्लारी आपादमस्तक गुलाबी झाले. मिरवणुकीत पोरं मागं धावली आणि "आबा, ही कुठली नवी जात?" विचारणाऱ्यांना मामा जुन्या धोतराचा सोगा सावरत ऐटीत सांगत होते, "ऑर्डर देऊन मागवलीय."

दुपारी सोजराबाई पंगतीला बसल्या. पहिला घास जिभेनं इकडून तिकडं घोळवून त्यांनी कणी शोधली, दुसऱ्यातही शोधली. तिसरी पोळी मागताना म्हणाल्या, "अनसा, पिंप कुठं मिळतं गं?"

"रव्याला सांगते. माझ्या दोनाबरुबर तुजं बी एक आणंल," अनसाबाई तुपाची वाटी पुढं करत म्हणाल्या. रविराजनं हातातला घास परत ताटात ठेवला.

जेवणं उरकल्यावर अनसाबाईंनी सोड्याची डबी फडताळातून काढली आणि मोरीत, धुण्याच्या साबणाशेजारी नेऊन ठेवली. मग पदराला हात पुसत अंकिताजवळ आल्या.

"घागरीत पाणी उरलंय का गं?"

"आहे की, अर्धी."

"मग उद्या तू पोरीला घिऊन निवांत बस. एकदा मला घालू दी पुरण."

"घाला की. पण आत्या, नाही जमलं तर?"

अनसाबाई गालात हसल्या. "तर काय, पाण्यावर बिल फाडीन."